‘प्रभूनं मला सांगितलं’ म्हणण्याआधी

प्रश्न असा आला आहे: “मी 27 वर्षांची आहे, पुण्यात एका रुग्णालयात नर्स आहे. गेलं दीड वर्ष प्रार्थनेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, की ही नोकरी सोडून नंदुरबारकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर आरोग्यसेवेला जावं. घरी बाबा स्थळं बघताहेत. त्यातच एका सभेत पाहुण्या सेवकांनी डोक्यावर हात ठेवून ‘प्रभू तुला परदेशात नेणार’ असं सांगितलं. आता कुणाशीच बोलावंसं वाटत नाही. देवाची इच्छा देवालाच विचारायची ना? माणसांशी बोलून काय होणार?”

सलाम बाळ. तुझं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण खरी गाठ तिथे बसली आहे. देवाची इच्छा देवालाच विचारायची, हे खरं. पण त्यानं उत्तर कुणाच्या तोंडी ठेवायचं, हे आपण ठरवू शकत नाही. मी चौतीस वर्षं मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून, बहुतेक नगर आणि मराठवाड्यात, असे निर्णय घेणाऱ्यांसोबत बसत आले आहे. सेवेचं पाचारण, लग्न, वडिलोपार्जित जमीन, म्हाताऱ्या आईला कुणी सांभाळायचं, सगळं यात आलं. ज्यांच्याकडे आज मागे वळून पाहताना ‘यांनी खरंच देवाचं ऐकलं’ असं मला म्हणता येतं, त्या जवळजवळ प्रत्येकानं मनातली गोष्ट आधी कुणापाशी तरी बोलून दाखवली होती. आणि बोलताना समोरच्याला ‘मला नाही तसं वाटत’ म्हणायला जागा ठेवली होती. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा.

आपल्या मंडळ्यांत एक वाक्य फार सहज वापरलं जातं: “प्रभूनं मला सांगितलं.” म्हणणारा बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. पण ते वाक्य उच्चारलं की समोरच्याला बोलायला काही उरत नाही. देवानं सांगितलंय म्हटल्यावर मी कोण विचारणार? पूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली होती. तरुण संघातल्या एका मुलानं तिला सांगितलं होतं, “प्रभूनं मला दाखवलंय, तूच माझी पत्नी होणार.” मुलगा वाईट नव्हता. पण ही चार महिने नीट झोपली नव्हती. त्याला नकार दिला तर देवाला नकार दिल्यासारखं होईल, ही भीती. मी तिला विचारलं, “प्रभूनं तुला काय दाखवलं?” ती रडायलाच लागली. हा प्रश्न तिला तोवर कुणी विचारलाच नव्हता. पुढे तो मुलगाही माझ्याशी बोलला. मी त्याला म्हटलं, तुझ्या मनात जे आलं ते नाकारू नकोस, फक्त वाक्य बदल. ‘मला तू आवडतेस, मी याविषयी प्रार्थना करतोय, तुला काय वाटतं?’ असं म्हण. त्यानं तसं विचारलं, तिनं नाही म्हटलं, आणि दोघंही मोकळे झाले.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते. नंदुरबारविषयी कुणाशीही बोलताना ‘प्रभूनं मला सांगितलं’ असं सुरू करू नकोस. ‘दीड वर्ष माझ्या मनात हे येतंय, ते प्रभूकडून आहे का हे मला पारखायचंय, तुम्ही मदत कराल का?’ असं सुरू कर. यात तुझा विश्वास कमी पडत नाही. उलट तू त्या गोष्टीला उजेडात येऊ देतेस.

शमुवेलाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत शिकलो, पण तिच्यातली एक गोष्ट लहानपणी लक्षात येत नाही. देव शमुवेलाला हाक मारतो, आणि हाक ऐकून तो धावत जातो म्हाताऱ्या याजक एलीकडे. एकदा नाही, तीनदा. आवाज देवाचा आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ते कळतं एलीला, ज्याची नजर मंद झालेली आहे आणि ज्याचं स्वतःचं घर बिघडलेलं आहे. देवाला थेट सांगता आलं नसतं का? पण त्यानं त्या पोराला म्हाताऱ्याकडे तीन हेलपाटे घालू दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एलीच त्याला विचारतो, काय सांगितलं ते लपवू नकोस. निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध असतो. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो. स्वतःविरुद्ध जाणारं बोलणं असं ऐकून घेणारं माणूस तुझ्या ओळखीत कुणी आहे का? असेल तर पहिला फोन त्याला कर.

पण तुझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा आहे पेत्र. प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय. यापो गावात घराच्या धाब्यावर त्याला दर्शन होतं, चादरीसारखं काहीतरी खाली येतं, तीन वेळा. इतकं स्पष्ट दर्शन आणि तरी पेत्र गोंधळात, याचा अर्थ काय असेल? तेवढ्यात कर्नेल्य नावाच्या एका रोमी, म्हणजे यहूदी नसलेल्या, शताधिपतीची माणसं दाराशी येतात. पेत्र त्यांच्याबरोबर कैसरियाला निघतो, पण एकटा नाही, यापोतले सहा बंधू सोबत घेऊन. तिथे पोचल्यावर तो उपदेश सुरू करत नाही. आधी विचारतो, मला कशासाठी बोलावलंत? मग कर्नेल्य आपल्या बाजूचं सांगतो, चार दिवसांपूर्वी प्रार्थनेत काय घडलं ते. ते ऐकल्यावर पेत्राच्या तोंडून निघतं, आता मला खरोखर समजलं की देव पक्षपाती नाही. दर्शन धाब्यावर झालं आणि समज परक्याच्या घरात, त्याचं ऐकल्यावर आली. अर्धी गोष्ट पेत्राकडे होती, अर्धी कर्नेल्याकडे.

पुढे यरुशलेमेतले लोक त्याच्याशी वाद घालतात, तू त्यांच्या घरी जेवलासच कसा? पेत्र काही ‘मी प्रेषित आहे, मला दर्शन झालंय’ असं म्हणून त्यांना गप्प करत नाही. पहिल्यापासून सगळं क्रमानं सांगतो, आणि ते सहा साक्षीदारही सोबत आहेत. ऐकणारे शांत होतात आणि देवाचं गौरव करतात. तरीही प्रश्न तिथे मिटला नाही. पंधराव्या अध्यायात पुन्हा सभा बसते आणि पुष्कळ वादविवाद होतो, हे पवित्र शास्त्र लपवत नाही. त्या वादानंतरच्या पत्रात शब्द येतात, की पवित्र आत्म्याला आणि आम्हांला हे योग्य वाटलं. आत्मा आणि आम्ही, दोन्ही एकाच वाक्यात. आणि नुसतं पत्र धाडून ते थांबत नाहीत. तोंडी समजावून सांगायला यहूदा आणि सीला यांना पाठवतात, कारण पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाही.

तुझ्या बाबतीत कर्नेल्य कोण? धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला आज जे लोक काम करत आहेत ते, आणि ज्यांच्यासाठी तू जायचं म्हणतेस त्या पाड्यांवरच्या बायका. दीड वर्षात त्यांच्यापैकी किती जणींशी बोललीस? तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. तिकडे पावरी, भिलोरी बोलतात, पुण्यातली मराठी सगळीकडे चालत नाही. त्यांना तुझ्यासारखी वॉर्डात शिकलेली नर्स हवी आहे, की बाळंतपणात हात बसलेली, की गावातल्याच मुलींना शिकवू शकणारी? पंधरा दिवसांची रजा टाक आणि जा. सेवा करायला जाऊ नकोस, विचारायला जा: “मला कशासाठी बोलवाल?” परत आल्यावर तुझ्या प्रार्थनेचे शब्द बदललेले असतील. बदलले नाहीत तर तीही एक खूण आहे.

आता त्या पाहुण्या सेवकांविषयी. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे, सर्व गोष्टींची पारख करा. करिंथकरांना सांगतो, दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी. ‘इतरांनी’ हा शब्द आपण विसरलो आहोत. तुझ्या डोक्यावर हात ठेवून बोलले तेव्हा पारख करायला कोण होतं? ते तुला ओळखतात का? दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या गावी गेले असतील. पहिल्या राजांच्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात, देवाच्या एका माणसाला एक म्हातारा संदेष्टा सांगतो, देवदूतानं मला तुला घरी जेवायला आणायला सांगितलंय. ते खोटं होतं. तिथे काही खाऊ-पिऊ नकोस असं देवानं स्वतःला सांगितलेलं माहीत असून तो माणूस वळला आणि प्राणाला मुकला. ती गोष्ट वाचताना मला दर वेळी वाटतं, त्यानं एक प्रश्न तरी विचारायचा होता. तू ते वाक्य वहीत तारखेसह लिहून ठेव, तुझ्या पाळकांना आणि आईला सांग, आणि बाजूला ठेव. ते प्रभूचं असेल तर तू त्याच्यामागे धावली नाहीस म्हणून ते हरवणार नाही. 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेत जी वचनाची चिठ्ठी निघते, तिच्याबद्दलही मी मुलांना हेच सांगते. वचन देवाचं आहे, पण चिठ्ठी म्हणजे नेमणूकपत्र नव्हे.

कुणाशी बोलायचं यात मात्र काळजी हवी. अहाब राजानंही सल्ला घेतला होता, तब्बल चारशे संदेष्ट्यांचा, आणि चारशेही एका सुरात म्हणाले, चढाई कर. मीखाया या एका संदेष्ट्याला बोलवायला तो नाखूश, कारण हा माझ्याविषयी कधी चांगलं बोलतच नाही. आपणही आपापले चारशे जमवतो. ज्या ग्रुपवर सगळे ‘आमेन’ आणि हात जोडलेली चित्रं पाठवतात, तिथे विचारतो. मी साधारण चार माणसं सुचवते: तुला लहानपणापासून ओळखणारं एक, तुझं काम जवळून पाहिलेलं एक (तुझ्या वॉर्डातल्या सिस्टर इनचार्ज, ख्रिस्ती नसल्या तरी चालतील), वचनात मुरलेलं एक, आणि तुझ्या निर्णयाची झळ ज्याला बसणार आहे असं एक.

हे चौथं माणूस मी माझ्या चुकीतून शिकले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शिक्षकानं शाळेची नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत येण्याचा विचार मांडला. आम्ही पाच जण त्यांच्या घरी बसलो. अर्ध्या तासात सगळ्यांचं एकमत, प्रार्थना, डोळ्यांत पाणी. त्यांची बायको त्या अर्ध्या तासात आत चहा करत होती. मी स्वतः बाई असून मला तिला बाहेर बोलवायचं सुचलं नाही. वर्षभरात घरावर कर्ज झालं, मुलांची शाळा सुटली. ती मला म्हणाली, “बाई, मी नाही म्हटलं नसतं. मी एवढंच म्हटलं असतं की मुलीची दहावी होऊ द्या.” ते एक वाक्य त्या खोलीत बोललं गेलं असतं तर तोच निर्णय वेगळ्या वेळी झाला असता. त्या दिवसापासून मी घरातल्या सगळ्या खुर्च्या भरल्याशिवाय बैठक सुरू करत नाही.

ही माणसं एकत्र बसली की बोलणं कसं व्हावं, हे मी पुण्यातल्या एका जेझुइट फादरांकडून शिकले. आम्ही प्रोटेस्टंट, पण चांगली गोष्ट जिथून मिळेल तिथून घ्यावी. 1539 च्या वसंतात लोयोलाचा इग्नाती, ज्यानं पुढे जेझुइट संघ स्थापला, आणि त्याचे सोबती रोममध्ये होते. पोप त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी पाठवणार हे दिसत होतं. एकत्र बांधलेले राहायचं का, हा पहिला प्रश्न लवकर सुटला. आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यायची का, हा दुसरा प्रश्न अडला. दिवसा नेहमीची कामं, रात्री चर्चा, असं आठवडेच्या आठवडे चाललं. मग त्यांनी काही नियम केले. प्रत्येकानं एकट्यानं प्रार्थना करायची. बैठकीबाहेर एकमेकांना पटवायला जायचं नाही. आणि आपण या मंडळातले नाहीच, बाहेरचे आहोत, असं समजून विचार करायचा. त्यानंतर एक दिवस प्रत्येकानं फक्त शपथेचे तोटे सांगायचे, दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं फक्त फायदे. म्हणजे शपथ हवी असणाऱ्यालाही तिचे तोटे शोधावे लागले, आणि नको असणाऱ्याला फायदे. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं.

त्याच मंडळातला फ्रान्सिस झेवियर पुढे 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. भारतात यायला आधी नेमला होता तो त्यांच्यातलाच बोबादिया. तो आजारी पडला, ज्याच्याबरोबर जायचं तो पोर्तुगालचा राजदूत निघायच्या बेतात होता, म्हणून इग्नातीनं झेवियरला विचारलं आणि तो मार्च 1540 मध्ये रोमहून निघाला. आपल्या कोकणपट्टीच्या ख्रिस्ती इतिहासातली एवढी मोठी गोष्ट एकाच्या आजारपणातून आणि दुसऱ्याला विचारलेल्या एका प्रश्नातून सुरू झाली, हे मला फार धीर देणारं वाटतं.

दोन दिवसांची ही पद्धत आम्ही मंडळीत वापरतो. शनिवारी संध्याकाळी फक्त ‘का जाऊ नये’. तूही बोलायचं, आणि तू मनापासून बोलायचं. रविवारी उपासनेनंतर फक्त ‘का जावं’. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडूनही एक रीत आम्ही घेतली. मूळची ती त्यांच्याकडे लग्नाआधीची. जमलेल्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक नाही असे. ‘तुला नाही वाटत का की आधी लग्न केलेलं बरं?’ हा प्रश्न झाला नाही, तो सल्लाच. ‘नंदुरबारचा विचार मनात येतो तेव्हा वॉर्डात कसा दिवस गेलेला असतो?’ हा प्रश्न. माझ्या अनुभवात या प्रश्नापाशी मुली थांबतात. कधीकधी कळतं की ओढ सातपुड्याची नसून ड्यूटीच्या थकव्यातून पळायची आहे. कधी उलट कळतं, की चांगल्या दिवसांतही ती तितकीच घट्ट राहते. आपलं उत्तर आपल्याच तोंडून मोठ्यानं ऐकलं की मनाला स्वतःची फसवणूक करणं अवघड जातं.

मधे शांतता पडली तर पडू द्या. कुणीतरी लगेच गाणं सुरू करू नये.

एक गोष्ट आधीच ठरवून घे: जे बोललं जाईल ते खोलीबाहेर जाणार नाही. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ असं म्हणत आपल्याकडे लोकांची घरं उघडी पाडली जातात. एकदा असं घडलं की ते माणूस पुन्हा कधी मन उघडं करत नाही, आणि मग खरोखर एकटं पडतं. मंडळीतल्या कुणाचाही तोंडावर भरवसा नसेल तर बाहेरचं माणूस घे.

तू विचारलं नाहीस तरी एक सांगायलाच हवं, कारण बोलायचं म्हणजे ऐकायचं आणि ऐकायचं म्हणजे मानायचंच, असं तुला वाटेल. तसं नाही. पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्याच मठातल्या सिस्टर गेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, तो वाचताना अजून धग लागते. सिद्धान्तांवर वाद, अधिकारावर वाद, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांचे आक्षेप. रमाबाईंनी साफ लिहिलं, की पुरोहितांच्या जोखडातून मी नुकतीच मोठ्या कष्टानं सुटले आहे. आता धर्मगुरूंकडून येणारी प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा समजून दुसरं तसंच जोखड मी मानेवर घेणार नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. पण पत्रं लिहायचीही थांबवली नाहीत. मुद्द्याला मुद्दा देत राहिल्या, आणि ती पत्रं पुढे जपून जमवली ती गेराल्डीन यांनीच. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन उघडणारी आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं करणारी बाई या भांडणातून घडली असं मी मानते. कुणी पाळक, कुणी वडील तुला म्हणाले की माझं ऐकणं हीच देवाची इच्छा, तर रमाबाई आठव. आदरानं ऐक, उत्तर दे, आणि आपला विवेक आपल्याजवळ ठेव.

राहिले बाबा. त्यांच्याशी बोलणं तू सगळ्यात शेवटी ठेवलं असशील, मी म्हणते सुरुवातीला ठेव. आईला शेजारी बसव. ‘मी ठरवलंय’ म्हणून सुरू करू नकोस, आणि ‘तुम्ही सांगाल तसं’ म्हणूनही नको, कारण दोन्ही खरं नाही. त्यांना विचार, मी तिकडे गेले तर तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? ‘लोक काय म्हणतील’ हे पहिलं उत्तर येईल. थोडं थांब. त्याच्याखाली दुसरं असतं: आजारी पडलीस तर कोण, आम्ही गेल्यावर तुझं कोण. त्या दुसऱ्या उत्तराशी बोल. आणि लग्नाविषयी तुझ्या मनात काय आहे तेही सांग. तुझ्या पत्रात बाबा स्थळं बघताहेत एवढंच आहे, तुला लग्न हवं आहे की नको ते नाही. सातपुड्यात जाणाऱ्या मुलीला तिकडे राहायला तयार असलेला नवरा मिळूच शकत नाही, असं कुणी ठरवलं? कदाचित बाबांनाच त्या दिशेनं बघायला सांगता येईल.

इतकं करूनही एकमत होणार नाही, असं होऊ शकतं. पौल यरुशलेमेला निघाला तेव्हा कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्यानं पौलाच्या कमरपट्ट्यानं आपले हातपाय बांधून दाखवलं, तुझं असं होणार. सगळ्यांनी रडून विनवलं, जाऊ नकोस. तेही आत्म्यानं भरलेले, पौलही. त्यानं त्यांचं रडणं ऐकलं, माझं काळीज का तोडता असं म्हणाला, आणि तरी जायचं म्हणाला. तेव्हा ते ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून गप्प राहिले. पुढच्या ओळी आपण घाईत वाचून सोडतो. पौल निघाला तेव्हा त्याच कैसरियातले काही शिष्य त्याच्याबरोबर चालत गेले, आणि यरुशलेमेत तो कुणाच्या घरी उतरेल त्याची सोय त्यांनी करून दिली.

रजेचा अर्ज टाकलास की मला कळव. तिकडच्या दोघीतिघींशी मी तुझी गाठ घालून देते.